मजबुतीची पारख

वाशीम जिल्ह्यातील मानोरा हे तालुक्याचे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, काळ्या मातीच्या आणि कपाशी-तुरीच्या मुलखात वसलेले आहे. येथील बहुतेक मुलांनी जहाज पाहिले असेल ते चित्रातच. तरीही पाणी त्यांना परके नाही. अरुणावती नदी याच तालुक्यातून वाहत पुढे दिग्रसकडे जाते. उन्हाळ्यात तिचे पात्र आटून जाते, पावसाळ्यात तीच नदी गढूळ पाणी घेऊन दुथडी भरून वाहते, आणि पावसाळा सरला म्हणजे आसपासचे तलाव भरलेल्या परातीसारखे शांत दिसू लागतात. अशा तलावाच्या काठी बसले असता, आपणही एक लहानशी नाव बांधावी आणि तिच्यात बसून वल्हवीत हिंडावे, असे ज्याच्या मनात एकदाही आले नाही असा मुलगा किंवा मुलगी विरळाच.

समजा, तुमच्यासारख्या चार-पाच जणांनी ही गोष्ट मनावर घेतली. घरची मोठी माणसेही मदतीला तयार झाली. नाव कशी हवी, तर एकाने बसावयाची, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती आणि खांद्यावर उचलून नेता येईल इतकी हलकी. अशा नावेला जगभर ‘कयाक’ म्हणतात. हा शब्द उत्तर ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांचा आहे. जुन्या पुस्तकांत त्यांना एस्किमो म्हटलेले आढळते. मग सामान जमू लागले. एकाने बांबू आणला. दुसऱ्याने बाभळीचा दांडा आणला. बैलगाडीची चाके बाभळीची करतात, तेव्हा तिच्याहून मजबूत ते काय, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्याने पत्रा आणला आणि हातोडी मारून दाखवली. चौथीने घरातील ताडपत्री आणली. गेल्या पावसाळ्यात तिच्याखाली सोयाबीनची गंजी कोरडी राहिली होती. प्रत्येकजण आपलीच वस्तू मजबूत असे सांगू लागला.

ही सगळीच मुले खरे बोलत आहेत, आणि तरीही कोणाचेच बोलणे पुरे नाही. वीट घ्या. भिंतीत तिच्या डोक्यावर कितीही ओझे आले तरी ती हूं की चूं करीत नाही. पण तीच वीट दोन दगडांवर आडवी ठेवून मधोमध घाव घातला तर तिचे दोन तुकडे होतात. दोर घ्या. तो ताणला असता बैल आवरतो, पण त्याच दोराने एखादी वस्तू ढकलून पाहा! लाकडाचेही तसेच. जळण फोडणारा माणूस कुऱ्हाडीचा घाव आडवा घालीत नाही. तो ओंडका उभा करतो आणि रेषेच्या दिशेने घाव घालतो. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने जितके घट्ट, त्या मानाने ते एकमेकांना फारच हलके चिकटलेले असतात, हे त्याला कोणी शिकविलेले नसते, पण त्याच्या हाताला ते ठाऊक असते. तात्पर्य, ‘मजबूत’ हा शब्द एकटा उच्चारला तर अर्धाच राहतो. ओढण्याविरुद्ध मजबूत, की दाबण्याविरुद्ध? वाकविण्याविरुद्ध, की टोचण्याविरुद्ध? कोरडे असताना, की दिवसभर पाण्यात भिजल्यावर? हे प्रश्न विचारले म्हणजेच त्या शब्दाला अर्थ येतो.

तेव्हा आधी हे पाहावयास हवे की नावेवर बळ येते तरी कोणकोणते. सर्वांना वाटते की सर्वांत मोठे बळ पाण्याचे. हिशेब करून पाहू या. पाण्याच्या पृष्ठभागाखाली १० सेंटीमीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पाण्याचा दाब १० ग्रॅम वजनाएवढा असतो. आपली लहान नाव पाण्यात साधारण इतकीच बुडणार. तळाचा ३० सेंटीमीटर लांब व ३० सेंटीमीटर रुंद असा चौकोन घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर झाले, आणि त्यावर पाण्याचा एकूण रेटा ९ किलोग्रॅमचा झाला. चांगली ताडपत्री एवढा रेटा सहज सोसते, कारण तो साऱ्या चौकोनावर सारखा पसरलेला असतो. आता तीच नाव काठाला लागताना पाण्याखालच्या एका टोकदार दगडावर चढली असे समजा. नाव आणि तीतील माणूस मिळून पन्नास किलोग्रॅम वजन असेल, तर त्यातील बराचसा भार त्या क्षणी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर येतो. नावेत उतरताना टेकविलेली टाच, गुडघा, वल्ह्याचे टोक ही आतल्या बाजूने तेच करतात. पाणी नावेला सावकाश दाबते. दगड आणि टाच तिला टोचतात. म्हणून कातड्याची परीक्षा दाबाने घेऊन भागत नाही, ती टोचून आणि फाडून घ्यावी लागते.

सांगाड्यावर येणारे बळ निराळे. नाव दोन टोकांना धरून उचलली, किंवा तिचे एक टोक काठावर आणि दुसरे पाण्यात राहिले, आणि मधे माणूस बसलेला असला, तर सारी नाव तुळईसारखी वाकू पाहते. वल्हे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारले की ती पिळवटू पाहते. हे वाकणे व पिळवटणे सांगाड्याने सोसावयाचे असते.

इन्युइट लोकांनी ही कामाची वाटणी फार पूर्वीच केली होती. त्यांच्या बहुतेक प्रदेशात मोठी झाडे उगवत नाहीत. समुद्र दूरदूरच्या नद्यांतून वाहून आलेली लाकडे किनाऱ्याला टाकतो, तेवढीच त्यांची इमारत. त्या तुटपुंज्या लाकडांतून व प्राण्यांच्या हाडांतून ते बारीक कामट्यांचा सांगाडा करीत, तो चामड्याच्या वाद्यांनी बांधीत, आणि त्यावर सीलचे कातडे शिवून ताणून बसवीत. वाकणे सोसावयाचे सांगाड्याने, पाणी अडवावयाचे कातड्याने. आपल्या देशातही हीच युक्ती जुनी आहे. सुमारे १५२० साली विजयनगरला आलेल्या दोमिंगो पेस नावाच्या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरील नावांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या टोपलीसारख्या गोल, विणलेल्या आणि बाहेरून कातडे लावलेल्या असत. त्यांत पंधरा-वीस माणसे बसत, आणि प्रसंगी घोडे व बैलही पलीकडे नेत. अशा गोल नावा त्या नदीवर अजूनही चालतात. आत शिरलेला नवखा माणूस मात्र स्वतःभोवती गरगर फिरत राहतो. याउलट आपल्या विदर्भातील ढीवर, भोई यांचा जुना डोंगा म्हणजे एकाच खोडाला कोरून केलेली नाव. तिच्यात हाड आणि कातडे निराळे नाहीत. सारे एकच लाकूड. ती दगडाला भीत नाही, पण ती उचलून नेणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

आपल्या मुलांना हलकी नाव हवी, तेव्हा त्यांचा मार्ग सांगाड्याचा व कातड्याचा. आता सामानाकडे वळू या.

बांबूची पारख करावयाची तर बुरुडाकडे जावे. तो सूप किंवा टोपली विणण्यासाठी बांबू उभा चिरतो तेव्हा नीट पाहावे. बांबूच्या आतल्या बाजूचा गर मऊ व पांढुरका असतो. सालीच्या बाजूला तंतू दाट, कठीण व चकचकीत असतात. निसर्गाने मजबुती नेमकी तेथे ठेवली आहे जेथे तिची गरज जास्त, कारण कोणतीही काठी वाकते तेव्हा सर्वांत अधिक ताण बाहेरच्या अंगाला पडतो आणि मधल्या भागाला जवळजवळ पडतच नाही. म्हणूनच बांबू मधून पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो. कामटी काढताना ही साल तासून टाकली तर बांबूतील उत्तम भागच टाकून दिला असे होईल. बांबूचे वयही पाहावे. एका वर्षाचा कोवळा बांबू हिरवागार व सरळ दिसतो, म्हणून नवखा माणूस तोच निवडतो; पण त्यात पाणी व पिष्ट जास्त असल्यामुळे तो वाळताना आक्रसतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. तीन-चार वर्षांचा बांबू पक्का समजावा. भुंग्याची लहान लहान गोल भोके व खाली सांडलेली पिवळसर भुकटी दिसली की तो बांबू कितीही जाड असो, तो बाजूला काढावा.

लाकडाच्या बाबतीत सुतार तीन गोष्टी पाहतो. रेषा पट्टीच्या लांबीबरोबर चालतात की तिरप्या होऊन कडेला बाहेर पडतात, हे पहिले. तिरप्या रेषेची पट्टी रेषेवरच उकलते. दुसरी गोष्ट गाठ. गाठ म्हणजे जेथे फांदी फुटली होती ती जागा. तेथे तंतू वळसा घेऊन जातात, म्हणून पट्टीच्या मधोमध किंवा कडेला आलेली गाठ वाईट. तिसरी गोष्ट तो कानाने पाहतो. बोटाच्या पेराने टकटक केले असता निरोगी, वाळलेले लाकूड खणखणीत बोलते आणि आतून चिरलेले किंवा कुजलेले लाकूड बद्द आवाज करते. मात्र कानाची ही परीक्षा वाईट लाकूड बाजूला काढण्यापुरती उपयोगी. चांगले लाकूड नेमके किती भार सोसेल हे ती सांगत नाही.

बाभूळ चिवट खरी, पण ती जड आहे, आणि हलक्या नावेत प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. साग तिच्याहून हलका, आणि त्याच्या अंगच्या तेलकट द्रव्यामुळे वाळवी व कूज त्याला सहसा बाधत नाही. सागाचा महिमा पाहावयाचा असेल तर इंग्लंडमधील हार्टलपूल या बंदरात जावे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ नावाचे सागवानी लढाऊ जहाज तेथे आजही पाण्यावर तरंगत आहे. वाशीम-यवतमाळच्या रानातही साग आहे. आपल्या नावेचा कणा तेवढा सागाच्या पट्टीचा आणि बरगड्या बांबूच्या केल्या तर वजन व मजबुती यांचा मेळ बरा बसतो.

प्लायवूड वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, पण रेषा आडव्या-उभ्या करून चिकटविलेले असतात. त्यामुळे ते कोणत्याही एका दिशेने सहज उकलत नाही. परंतु त्याचा सारा जीव डिंकात असतो. घरातल्या कपाटासाठी केलेले स्वस्त प्लायवूड आणि नावेसाठी केलेले प्लायवूड दिसावयास सारखेच असते. नावेच्या प्लायवूडसाठी भारतीय मानक ७१० ठरलेले आहे. त्याच्या नमुन्यांना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून मग पापुद्रे सुटतात का ते पाहतात. आपल्याला एवढे नको. हातभर तुकडा तीन दिवस बादलीत बुडवून ठेवावा, उन्हात वाळवावा, पुन्हा बुडवावा, आणि मग कडेला नख घालून पाहावे. पापुद्रा उचलला गेला तर त्या फळीचे कपाट करावे.

आता कातडे, म्हणजे आपली ताडपत्री. कापडाच्या दुकानात तुम्ही पाहिले असेल. दुकानदार दोन्ही हातांनी ओढूनही कापड फाटत नाही. मग तो कडेला कात्रीने एक लहानशी चीर देतो आणि टर्रकन् सरळ फाडून देतो. कापड तेच, हात तेच. मग त्या चिरेने काय केले? चीर नसताना ओढीचा भार सर्व धाग्यांवर वाटला जातो. चीर दिल्यावर तो भार चिरेच्या टोकाशी गोळा होतो. तेथील एकच धागा साऱ्यांच्या वाटचे सोसतो व तुटतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. ही गोष्ट कापडापुरती नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘शेनेक्टडी’ नावाचे पोलादी तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. ते नवेकोरे होते. त्या काळच्या अशा अनेक जहाजांच्या चौकशीतून दिसून आले की ते पोलाद थंडीत ठिसूळ होई, आणि भेगा बहुधा जोडकामातील एखाद्या दोषापासून किंवा जहाजावरील झडपांच्या काटकोनी कोपऱ्यापासून सुरू होत. पुढे ते कोपरे गोलाकार करण्यात आले. पोलाद बलवान होते, पण भेगेला अडविण्याची चिवटाई त्याच्यात थंडीच्या दिवसांत उरत नव्हती.

म्हणून ताडपत्रीची परीक्षा अशी घ्यावी. तिचा एक तुकडा कापून त्याच्या कडेला बोटभर चीर द्यावी आणि दोघांनी ओढावे. ज्या ताडपत्रीची चीर सरसर धावते ती टाकावी. जिचे विणलेले धागे चिरेपाशी गोळा होऊन तिला रोखतात ती घ्यावी. दोन-तीन वर्षे उन्हात पडलेली ताडपत्री कधीही वापरू नये. उन्हाने प्लास्टिकचा चिवटपणा जातो, आणि घडी घातली असता ती घडीवरच तडकते. नावेत कोठे छिद्र किंवा खाच करावयाची वेळ आली तर कोपरे गोल ठेवावेत. लाकडी पट्टीत भेग चालू झाली असेल तर तिच्या टोकाशी एक बारीक गोल भोक पाडले असता ती बहुधा तेथेच थांबते. भेगेचे धारदार टोक त्या गोलाईत हरवते, एवढेच त्यातले रहस्य.

डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी पारख झाली. यापुढची पारख वजनाची, आणि ती टाळून चालणार नाही. त्यासाठी फार साहित्य लागत नाही. विटांचे दोन सारखे ढीग ६० सेंटीमीटर अंतरावर उभे करावेत. त्यांवर कामटी आडवी ठेवावी. मधोमध एक बादली टांगावी व कामटीजवळ मोजपट्टी उभी करावी. मग बादलीत एकेक लिटर पाणी ओतावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते, म्हणून निराळी वजने शोधावयास नकोत. ज्या पाण्यावर नाव तरंगावयाची तेच पाणी तिच्या हाडांची परीक्षा घेते. समजा, पहिल्या लिटरला कामटी ३ मिलीमीटर लवली, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ९, चौथ्याला १२. भार जितक्या पट तितक्या पट लवणे, असे हे प्रमाण आहे, आणि बादली काढली की कामटी पुन्हा सरळ होते. हे प्रमाण चालू आहे तोवर कामटी सुखात आहे. पाचव्या लिटरला ती १५ ऐवजी १९ मिलीमीटर लवली, किंवा बादली काढल्यावरही थोडी वाकडीच राहिली, तर ती मोडली नसली तरी तिच्या आत काही तरी तुटले आहे असे समजावे. तो आकडा वहीत लिहून घ्यावा. मग आणखी पाणी ओतून ती मोडेपर्यंत पाहावे, आणि कशी मोडली तेही पाहावे. कुरकुर करीत, तंतू तंतू सुटत मोडली तर बरे. कसलीही सूचना न देता काड्कन् मोडली तर ते सामान वाईट, मग त्याने भार कितीही सोसलेला असो.

एकच कामटी तपासून थांबू नये. त्याच बांबूच्या पाच कामट्या तपासाव्यात, आणि सरासरी न काढता सर्वांत दुबळीचा आकडा धरावा. कारण नाव मोडते ती दुबळ्या जागी. पाचपैकी दोन एक दिवस भिजवून मग तपासाव्यात. ओले लाकूड व ओला बांबू कोरड्यापेक्षा दुबळे ठरतात, आणि आपली नाव तर ओलीच राहणार आहे. शिवाय बादलीत पाणी आपण हळूहळू ओततो, पण माणूस नावेत धप्पकन् बसतो. अचानक टाकलेला भार हळूहळू ठेवलेल्या भाराच्या निदान दुप्पट लवण आणतो. या सगळ्यांचा विचार करून शहाणे कारागीर असे ठरवितात की जो भार रोज यावयाचा, त्याच्या चौपट भार सोसण्याची तयारी असावी. हा चौपटीचा आकडा भित्रेपणाचा वाटेल. परंतु आपल्याला न दिसलेली गाठ, न कळलेली भेग आणि वर्षभराचे ऊन यांच्यासाठी राखून ठेवलेली ती शिल्लक आहे.

या विटा-बादलीच्या खेळातून आणखी दोन गोष्टी हाती लागतात. त्याच विटा १२० सेंटीमीटर दूर सरकविल्या तर कामटी निम्म्याच भाराला मोडेल, आणि तेवढ्याच भाराला आठपट लवेल. म्हणून जाड बरगड्या दूर दूर लावण्यापेक्षा बारीक बरगड्या जवळ जवळ लावणे केव्हाही चांगले. दुसरी गोष्ट, १ सेंटीमीटर जाड व ३ सेंटीमीटर रुंद अशी लाकडी पट्टी आधी आडवी आणि मग कडेवर उभी ठेवून तपासावी. उभी पट्टी आडव्या पट्टीच्या तिप्पट भार सोसते आणि लवते मात्र नवव्या हिश्शाने. एक पैसा न खर्चता मजबुती तिप्पट! घराची तुळई कडेवर उभी का बसवितात याचेही उत्तर येथेच मिळते. उभी पट्टी बाजूला कलंडू नये म्हणून तिला आडव्या पट्ट्यांचा आधार तेवढा द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आधी वीतभर लांबीची चिमुकली नाव करून पाहू. ती टिकली तर त्याच प्रमाणात मोठी करू. हा प्रश्न इटलीतील गॅलिलिओ या शास्त्रज्ञाने फार पूर्वी हाताळला होता. वस्तूंच्या मजबुतीवरील त्याचा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, आणि त्याचा आरंभच व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या कारखान्यातील संभाषणाने होतो. मोठे जहाज पाण्यात ढकलताना लहान जहाजापेक्षा कितीतरी जास्त आधार का द्यावा लागतो, असा तेथे प्रश्न निघतो. उत्तर साध्या गणितात आहे. नावेची सर्व मापे दुप्पट केली तर कामटीच्या कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण नावेचे वजन आठपट होते. म्हणजे अंगच्या वजनाच्या मानाने मोठी नाव लहान नावेपेक्षा दुबळी ठरते. वीतभर नमुना जरूर करावा. आकार, तोल व बैठक त्यावरून कळते. मजबुती मात्र खऱ्या मापाच्या कामटीवरच तपासावी.

राहिले सांधे. इतक्या कष्टाने निवडलेल्या कामट्या नवखे लोक खिळ्यांनी ठोकून जोडतात आणि तेथेच सारे घालवितात. बांबूत खिळा गेला की तो तंतूंना बाजूला सारतो आणि भेगेला जन्म देतो. इन्युइटांनी सांगाडा बांधला, ठोकला नाही, तो यासाठीच. आपल्याकडेही पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाजे करण्याची कला प्राचीन आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकाच्या सुमाराच्या एका चित्रात जे जहाज दिसते, त्यावरून गोव्यात असे एक शिवलेले जहाज नव्याने बांधण्यात आले. केरळातील कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याने शिवल्या. नौदलाने मे २०२५ मध्ये त्याला ‘कौंडिण्य’ हे नाव देऊन आपल्यात सामील करून घेतले, आणि ते पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधील मस्कतला पोहोचले. एवढ्या जुन्या कलेवर भरवसा होता, तरीही कोणी डोळे मिटून समुद्रात उतरले नाही. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत जहाजाच्या नमुन्याची पाण्यातील चाचणी झाली, आणि लाकडी डोलकाठी किती सोसेल याचा अभ्यास नौदलाने स्वतंत्रपणे केला. आपल्या मुलांनीही चार कामट्यांचे नुसते सांधे बांधून, ते हाताने पिळून व भिजवून पाहावेत. सुताची दोरी भिजली की आवळते व सुकली की सैल पडते. नायलॉनची दोरी ताणते आणि तिची साधी गाठ निसटते. म्हणून तिला दुहेरी गाठ द्यावी.

सांगाडा उभा राहिला, ताडपत्री ताणून बसविली. आता नाव पाण्याजवळ न नेता अंगणातच तिची दोन टोके विटांवर टेकवावीत आणि मधे वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. ज्याने बसावयाचे त्याचे वजन ३५ किलोग्रॅम असेल तर आधी ३५, मग ७०, आणि जमल्यास १०० किलोग्रॅमपर्यंत. पाण्यात नावेला सर्व अंगांनी आधार असतो, येथे तो दोनच ठिकाणी आहे. त्यामुळे येथे १०० किलोग्रॅम सोसणारी नाव पाण्यात याहून पुष्कळ अधिक सोसेल. रात्रभर पिशव्या तशाच राहू द्याव्यात. सकाळी सांधे तपासून पाहावे, कोठे सरकले असतील तेथे पुन्हा बांधावे.

नंतर तलावाच्या काठच्या गुडघाभर पाण्यात, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन, नावेत कोणीही न बसता ती मुद्दाम पाण्याने भरावी. बुडाली, तर तिच्या दोन्ही टोकांत झाकण घट्ट बसविलेले रिकामे प्लास्टिकचे डबे बांधावेत. वीस लिटरचा एक डबा पूर्ण बुडाला म्हणजे स्वतःचे वजन वजा जाता वीस किलोग्रॅमच्या आसपास भार वर उचलून धरतो. पाणी भरूनही जी नाव तळाशी जात नाही, तिच्यातच माणसाने बसावे, आणि तेही अंगात तरंगते जाकीट घालून. पावसाळ्यातील अरुणावतीसारख्या वाहत्या पाण्यात ही नाव कधीच नेऊ नये. आपण गमतीसाठी नाव बांधली आहे हे पाण्याला माहीत नसते, आणि वाहत्या पाण्यात झाडाची एखादी बुडालेली फांदी जे करील ते आपण अंगणात तपासून पाहिलेले नाही.

बादलीच्या परीक्षेत मोडलेल्या कामट्या चुलीत घालू नयेत. प्रत्येकीवर बांबूचे वय, ती कोरडी होती की ओली, आणि ती किती लिटरला मोडली हे खडूने लिहून त्यांची मोळी शाळेच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षी ज्यांना नाव बांधावयाची असेल, त्यांनी आपल्या नव्या कामट्या या मोळीशेजारी ठेवून पाहाव्यात.